ट्रेलरचे ब्रेक वरचेवर जातात, मीटर मात्र १२ व्होल्ट दाखवतो

डॅशबोर्डवर 'ट्रेलर डिस्कनेक्टेड' असा संदेश येतो, दोन-तीन सेकंद राहतो आणि जातो. मागं कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची सोय असलेला ट्रेलर, जोडलेलाच असतो, त्याचे दिवे लागलेले असतात, प्लगही घट्ट बसलेला असतो. थांबून प्लग काढून पुन्हा लावला की पन्नास मैल काही होत नाही. मग पुन्हा तेच. आमच्याकडं हा प्रकार दोन उन्हाळे चालला. या काळात आम्ही प्लग बदलला, दुकानातून मागच्या चाकांच्या ब्रेकमधली मॅग्नेट बदलून घेतली, आणि दर वेळी 'आता झालं' म्हणून निघालो. शेवटी सापडले ते दोन वेगवेगळे दोष होते, आणि दोन्ही अशा जागी होते की नेहमीच्या तपासण्यांमध्ये ते दिसतच नाहीत. अमेरिकेत कॅम्पर घेतलेल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून हाच प्रश्न आता मला वरचेवर येतो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आम्ही मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या बाहेर राहतो. कॅम्पर २४ फुटी, दोन ॲक्सलचा, प्रत्येक ॲक्सल ३,५०० पौंडांचा. चारही चाकांना १० इंची ड्रमचे इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. ओढायला पिकअप, आणि कॅम्परच्या ब्रेकना वीज सोडणारा ब्रेक कंट्रोलर तिच्या डॅशमध्ये कारखान्यातूनच बसवलेला.

ब्रेक गेल्याचं खरं गांभीर्य मला कळलं ते आय-७५ महामार्गावर, ग्रेलिंगच्या उत्तरेला. पुढं रस्त्याचं काम होतं आणि गाड्या थबकल्या होत्या. मी ब्रेक दाबला आणि कॅम्परनं पिकअपला पाठीमागून रेटलं. माझे वडील शिरोळ तालुक्यात ऊसवाहतूक करायचे. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांना ब्रेक नाहीत. उतारावर 'ओझं अंगावर येतंय' असं ते म्हणायचे, ते नेमकं काय असतं हे मला त्या दिवशी स्टिअरिंगवर हात असताना समजलं. थांबलो आम्ही, पण पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर. त्या संध्याकाळी मॅकिनॉ पूल ओलांडायचा बेत सोडून गेलॉर्डलाच मुक्काम केला. तुमच्याकडं हा संदेश एकदा जरी आला असेल, तर कारण सापडेपर्यंत कॅम्पर घेऊन लांब जाऊ नका. बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांच्या आसपास वजन गेलं की ट्रेलरला चालू स्थितीतले ब्रेक असणं कायद्यानंही लागतं, पण तो मुद्दा माझ्या दृष्टीनं नंतरचा.

ब्रेकमध्ये वीज काय काम करते

हे दोन मिनिटं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. प्रत्येक ड्रमच्या आत एक चपटं विद्युतचुंबक असतं, त्यालाच सगळे मॅग्नेट म्हणतात. वीज आली की ते फिरत्या ड्रमच्या लोखंडी पृष्ठभागाला चिकटू पाहतं, ड्रमबरोबर थोडं ओढलं जातं, त्याला जोडलेला दांडा सरकतो आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. म्हणजे ब्रेक किती लागेल हे मॅग्नेटमधून किती ॲम्पिअर वाहतात यावर ठरतं. १० आणि १२ इंची ब्रेकच्या मॅग्नेटचा रोध साधारण ३.२ ओहम असतो आणि प्रत्येक मॅग्नेट ३ ॲम्पिअरच्या आसपास वीज घेतं. चार मॅग्नेट समांतर जोडलेली, त्यामुळं एकूण रोध ०.८ ओहम आणि एकूण वीज १२ ॲम्पिअर किंवा थोडी जास्त.

हा ०.८ आकडा लक्षात ठेवा. इतक्या कमी रोधाच्या सर्किटमध्ये एखाद्या गंजलेल्या सांध्यानं आणखी ०.८ ओहमची भर घातली तर वीज निम्म्यावर येते. सांध्याचा ०.८ ओहम म्हणजे फार नव्हे, स्क्रूखाली जरासा गंज. दिव्यांना तो जाणवणारही नाही.

म्हणूनच सात पिनांच्या प्लगमध्ये मीटरची टोकं घालून '१२ व्होल्ट येतात, म्हणजे वायरिंग ठीक' असं म्हणणं चुकीचं आहे. मीटर जवळपास काहीच वीज ओढत नाही. सर्व तारा तुटून एकच केसाएवढा तंतू उरलेल्या वायरमधूनसुद्धा मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. तेच वायर १२ ॲम्पिअर वाहून न्यायला लागलं की व्होल्ट कोसळतात. आमचे दोन उन्हाळे याच गैरसमजात गेले. ब्रेकची वायरिंग तपासायची ती ओझ्याखाली, म्हणजे मॅग्नेट जोडलेली असताना, कंट्रोलरचा गेन (ब्रेकला जास्तीत जास्त किती वीज सोडायची ती मर्यादा) सर्वांत वर ठेवून आणि हाताचा खटका पूर्ण दाबून.

पूर्ण दाबून, असं मुद्दाम म्हणते. कंट्रोलर वीज सलग सोडत नाही, तो ती सेकंदाला शेकडो वेळा तोडत-जोडत सोडतो. खटका अर्धा दाबला किंवा गेन कमी असला तर साधा मीटर मधलाच काहीतरी आकडा दाखवतो आणि त्यावरून काही ठरवता येत नाही.

आधी वही, मग पाना

वरचेवर येणारा आणि आपोआप जाणारा दोष दारात उभ्या गाडीवर सापडत नाही. आम्ही डॅशबोर्डखाली एक छोटी वही ठेवली. शेजारी बसलेल्यानं प्रत्येक संदेश लिहायचा: शब्द कोणते, रस्ता कसा, पाऊस आहे का, ब्रेक दाबलेला होता का, निघून किती वेळ झाला. दोन सहलींतच एक गोष्ट उघड झाली. आम्ही ज्याला एक समस्या समजत होतो तिथं दोन वेगळे संदेश होते. सपाट रस्त्यावर, ब्रेक न दाबता 'ट्रेलर डिस्कनेक्टेड' यायचं. खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून जाताना कधीकधी ट्रेलरच्या वायरिंगमध्ये दोष असल्याचा संदेश यायचा. नवऱ्यानं आणि मी दोन्हींना 'ते परत आलं' एवढंच म्हटलं होतं.

या दोन संदेशांचा अर्थ उलटा आहे. पहिल्यात वीज जायला वाट मिळत नाही, म्हणजे कुठंतरी तुटलेलं, सैल किंवा गंजलेलं आहे. दुसऱ्यात विजेला नको ती जवळची वाट मिळते, म्हणजे ब्रेकला वीज नेणारी निळी वायर कुठंतरी लोखंडाला टेकते. शब्द गाडीगणिक वेगळे असतील, बाजारातून वेगळा घेतलेला कंट्रोलर एखादं अक्षर किंवा आकडा दाखवेल, पण हे दोन प्रकार तेच राहतात. कंट्रोलरचं माहितीपुस्तक काढून तुमचा संदेश कोणत्या प्रकारातला ते आधी ठरवा. एका प्रकारात लूज कनेक्शन शोधायचं असतं, दुसऱ्यात सोललेली वायर.

पहिला दोष: अर्थिंग

दुकानातल्या माणसानं एक चाचणी केली होती, ती चुकीची नव्हती, अपुरी होती. कॅम्परच्या पुढच्या दांड्यावर ब्रेकअवे स्विच असतो. ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर तारेनं त्याची पिन ओढली जाते आणि कॅम्परच्या स्वतःच्या बॅटरीवर चारही ब्रेक लागतात. त्यानं प्लग काढला, पिन ओढली, चाकं जाम झाली. 'ट्रेलरची वायरिंग चांगली आहे,' असा त्याचा निष्कर्ष, आणि मग जुनी म्हणून मागची दोन मॅग्नेट बदलून दिली.

ही चाचणी तुम्हीही करा, उपयोगी आहे. आधी प्लग मात्र काढाच, नाहीतर वीज उलटी कंट्रोलरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो. आणि काही सेकंदांत पिन परत बसवा, कारण मॅग्नेट तापतात आणि बॅटरी उतरते. पण या चाचणीत वीज कोणत्या वाटेनं जाते ते पाहा. बॅटरीच्या अधिक टोकाकडून स्विचमधून निळ्या वायरीत, तिथून मॅग्नेटमध्ये, आणि मॅग्नेटमधून कॅम्परच्या सांगाड्यावाटे परत बॅटरीच्या उणे टोकाला. प्लगमधली पांढरी वायर, म्हणजे वीज गाडीकडं परत नेणारी अर्थिंगची वायर, या प्रवासात कुठंही येत नाही. पिकअप ब्रेक लावते तेव्हा मात्र सगळी वीज त्या पांढऱ्या वायरीतूनच परतते. तिचं कनेक्शन खराब असेल तर ब्रेकअवेची चाचणी खुशाल पास होते आणि रस्त्यावर ब्रेक लागत नाहीत.

आमचं नेमकं हेच होतं. दिवे नीट लागत होते म्हणून अर्थिंगवर संशय गेला नाही. जुन्या पिवळ्या बल्बचा काळ असता तर अर्थिंग बिघडल्यावर दिवे मिणमिणले असते, इंडिकेटर लावला की मागचा दिवाही फडफडला असता. एलईडी दिवे इतकी कमी वीज घेतात की गंजलेल्या सांध्यातूनही त्यांचं भागतं.

मग ब्रेक कधी लागायचे आणि कधी नाही, असं का? कारण विजेला आणखी एक वाट होती: कॅम्परची दांडी, ती पिकअपच्या मागच्या ज्या गोळ्यावर बसते तो हिचचा बॉल आणि सुरक्षेच्या साखळ्या. पोलाद पोलादाला घट्ट टेकलं की तिथून अर्थिंग मिळायचं, क्षणभर सुटलं की जायचं. दर सहलीआधी मी बॉलला मनापासून ग्रीस लावत होते आणि त्याच सहलींत त्रास जास्त होत होता. वहीत ते ठळक दिसत होतं, पण अर्थ नंतर लागला. बॉल हा अर्थिंगचा रस्ता नव्हे. तिथून वीज जात असेल तर ते दोषाचं लक्षण समजा.

आता चाचणी. कॅम्परच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, दांडी पुढच्या जॅकवर घ्या, साखळ्या काढा आणि पिकअप वीतभर पुढं घ्या, इतकी की बॉल सुटेल पण प्लग जोडलेला राहील. ही पायरी टाळू नका. ती केली तरच पांढरी वायर एकटी तपासली जाते. मग एकानं आत बसून, गेन सर्वांत वर ठेवून, खटका पूर्ण दाबायचा. बाहेरच्यानं मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक जंक्शन बॉक्समध्ये (दांडीवरची, वायरी जोडलेली पेटी) पांढऱ्या वायरीच्या उघड्या भागाला आणि दुसरं टोक सांगाड्याच्या घासून चकचकीत केलेल्या जागेला लावायचं. हे दोन्ही बिंदू अर्थिंगचेच आहेत, त्यामुळं मीटरवर जवळपास शून्य दिसायला हवं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तिथं काम आहे.

आमच्या मीटरवर ५.३ व्होल्ट आले.

पिकअपच्या सॉकेटपाशी १२.१ व्होल्ट होते, त्यांतले ५.३ त्या एका सांध्यातच खर्च होत होते. मॅग्नेटपाशी पोचत होते ५.६. निळ्या वायरीभोवती डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर ७ ॲम्पिअर. म्हणजे ब्रेक जेमतेम अर्धे. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजतो ना ते पाहून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि इथं शून्य दाखवतात.

सांधा कुठं होता? दांडीवरच्या जंक्शन बॉक्सच्या मागं, जिथं पांढरी वायर एका साध्या स्क्रूनं रंगवलेल्या सांगाड्यावर कसलेली होती. खाली रंग होता, रंगाखाली गंज होता, आणि मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर पडणारं मीठ दोन्हींत मुरलं होतं. स्क्रू बोटानं फिरला. तो भाग ग्राइंडरनं कोऱ्या पोलादापर्यंत घासला, नवीन भोक पाडून स्टेनलेसचा बोल्ट, दातेरी वॉशर आणि नट लावला, वायरीला तांब्याचं नवीन रिंग टर्मिनल दाबून बसवलं, आणि सगळं कसून झाल्यावर वरून रंग मारला. रंग शेवटी, आधी नाही. शिवाय पांढऱ्या वायरीपासून थेट ॲक्सलजवळ मॅग्नेटच्या अर्थिंगपर्यंत १० गेजची (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड) एक वेगळी वायर नेली, म्हणजे सांगाड्यावर भरवसा ठेवायला नको. पुन्हा मोजलं: १२.४ ॲम्पिअर, मॅग्नेटपाशी ९.९ व्होल्ट.

दुसरा दोष: ॲक्सलच्या नळीतली वायर

'डिस्कनेक्टेड' गेलं, ते आजतागायत आलेलं नाही. पण पुढच्या वसंतात खड्ड्यावर दुसरा संदेश आलाच, आणि आधीपेक्षा जास्त वेळा. असं होणं साहजिक होतं. अर्थिंग सुधारल्यावर शॉर्टची वीजही आता बिनअडथळा परतत होती.

कॅम्पर बनवणारे निळी वायर साधारणपणे एका बाजूच्या चाकापर्यंत नेतात आणि तिथून ॲक्सलच्या पोकळ नळीतून दुसऱ्या बाजूच्या चाकाला. नळीला भोक पाडलेलं असतं, त्याच्या कडेला रबरी बुश असेलच असं नाही, आणि आत वायर मोकळी लोंबते. हजारो मैल ती नळीच्या आत आपटत आणि भोकाच्या कडेवर घासत राहते. शेवटी आवरण झिजतं. अमेरिकेतल्या कॅम्परांमध्ये हा दोष इतका नेहमीचा आहे की खड्ड्यावर शॉर्टचा संदेश येत असेल तर मी आधी इथंच पाहीन.

शोधायची रीत अशी. प्लग काढा आणि कॅम्परच्या बॅटरीचं अधिक टोक सोडवा. निळी वायर ज्या ठिकाणी दोन ॲक्सलसाठी फुटते तिथं एकेक ॲक्सल वेगळा करा. प्रत्येक ॲक्सलच्या दोन मॅग्नेटचा मिळून रोध १.६ ओहमच्या आसपास यायला हवा. मोजण्याआधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लावून त्यांचाच रोध किती दिसतो ते पाहा आणि वजा करा. एवढ्या लहान आकड्यांत टोकांचे ०.२-०.३ ओहमही दिशाभूल करतात. ३.२ आले तर त्या ॲक्सलवरचं एक मॅग्नेट जोडलेलंच नाही. ०.५ किंवा त्याहून कमी आले तर शॉर्ट आहे.

आमचे दोन्ही ॲक्सल १.६ दाखवत होते. दोष वरचेवर येणारा, मोजताना तो हजर नव्हता. मग मॅग्नेटच्या अर्थिंगची टोकंही सोडवली, मीटर बझरवर ठेवला, एक टोक निळ्या वायरीला आणि दुसरं सांगाड्याला. आता काहीही वाजायला नको. नवरा मीटर धरून बसला आणि मी खाली सरपटत जाऊन नळीच्या भोकातून येणारी वायर हळूहळू आत-बाहेर ओढली. पुढच्या ॲक्सलवर शांतता. मागच्या ॲक्सलवर, डाव्या भोकापाशी वायर जराशी वर उचलली की बझर वाजायचा.

हे करताना कॅम्पर चाकांवर उभा असू द्या. आम्ही आधी एक बाजू जॅकवर उचलून तपासलं होतं तेव्हा बझर एकदाही वाजला नव्हता, कारण ॲक्सल खाली लोंबकळला की वायरीचा ताण बदलतो आणि सोललेली जागा लोखंडापासून दूर जाते. चाक काढायची वेळ आलीच तर जॅक सांगाड्याखाली लावा, ॲक्सलच्या नळीखाली कधीच नाही, नळी वाकते. आणि जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा.

नळीतली वायर काढून तिथंच नवीन घालता येते, पण मी ते करणार नाही. आम्ही ती वाट कायमची सोडली. १२ गेजची दुपदरी आवरणाची वायर नळीच्या बाहेरून, मागच्या बाजूनं, लवचीक प्लॅस्टिकच्या नळीत घालून नेली आणि दर फुटावर पट्ट्यांनी बांधली. ॲक्सल वर-खाली होतो, म्हणून सांगाड्यावरून ॲक्सलवर येताना वायरीला हातभर सैल वळण ठेवलं. सगळे सांधे आतून गोंद असलेल्या, तापवलं की आवळणाऱ्या हीट श्रिंकच्या क्रिंप (दाबून बसवायच्या) कनेक्टरनं केले, क्रिंप करून झाल्यावर वायर जोरानं ओढून पाहिली. वायरीवर दाबून बसणारे ते प्लॅस्टिकचे झटपट कनेक्टर आणि नुसती चिकटपट्टी ब्रेकच्या वायरीवर कुठंच वापरू नका. पहिल्या दोन-तीन पावसांत त्यांच्या आत हिरवट थर धरतो.

मॅग्नेटच्या दोन वायरींपैकी कोणतीही निळ्याला आणि दुसरी अर्थिंगला जोडली तरी चालते, तिथं उलटसुलटचा प्रश्न नाही. जाड वायरीचा फायदाही लगेच दिसला: मॅग्नेटपाशी १०.६ व्होल्ट, एकूण १३.२ ॲम्पिअर. १६ गेजच्या वायरीतून १२ ॲम्पिअर २५ फूट नेऊन तेवढेच परत आणले तर सुमारे २.४ व्होल्ट वाटेतच जातात, १२ गेजमध्ये एक व्होल्टच्या आत. कंपनीनं काय घातलंय ते वायरीच्या आवरणावर छापलेलं असतं, वाचा.

तुमचं लक्षण वेगळं असेल तर

प्लगपासून सुरुवात करणं चूक नाही, फक्त तिथंच थांबू नका. पात्यांवर हिरवा थर असेल तर बारीक कानशीनं घासा, सॉकेटमधल्या फटी सैल असतील तर पिकअपच्या बाजूचा सॉकेटच बदला, आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. खालच्या बाजूला शेजारी शेजारी असलेल्या दोन पिना म्हणजे ब्रेक आणि अर्थिंग. प्लगकडं पाहताना आणि सॉकेटकडं पाहताना डावं-उजवं उलटं होतं, त्यामुळं आकृती कोणत्या बाजूची आहे ते वाचल्याशिवाय मीटर लावू नका.

रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. निळा ब्रेकचा, पांढरा अर्थिंगचा आणि काळा १२ व्होल्टचा, एवढं अमेरिकेत बहुतेक सगळीकडं सारखं. पण साध्या ट्रेलरमध्ये तपकिरी वायर मागच्या दिव्यांची आणि हिरवी उजव्या इंडिकेटरची असते, तर कॅम्परच्या पद्धतीत बरोबर उलटं. सामानाचा ट्रेलर दुरुस्त केलेला माणूस कॅम्परला हात लावतो तेव्हा इथं चुकतो. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांनी आणखी सांभाळावं: तिथंही निळी ब्रेकची आणि पांढरी अर्थिंगची, पण काळी रिव्हर्सची असते.

ब्रेक न दाबताच चाकं जड जात असतील, ड्रम हाताला चटका बसण्याइतके तापत असतील, तर ब्रेकअवे स्विच उघडून पाहा. आत पाणी शिरून गंज धरला की तो पिन न ओढताच थोडी थोडी वीज निळ्या वायरीत सोडतो. प्लग काढून ठेवूनही निळ्या वायरीवर व्होल्ट दिसले तर संशय पक्का. स्विच स्वस्त आहे, बदलून टाका.

एकाच चाकाचा ब्रेक लागत नसेल तर होकायंत्राची युक्ती आहे. दुसऱ्यानं खटका दाबला की ड्रमच्या मागच्या बाजूला धरलेल्या होकायंत्राची सुई ठळकपणे वळायला हवी. कान दिला तर मॅग्नेटची गुणगुणही ऐकू येते. सुई वळते, वीज पूर्ण आहे, आणि तरी चाक थांबत नसेल तर वायरी सोडा. ड्रम उघडा. आत सील फुटून ग्रीस पसरलं असेल, शू झिजले असतील किंवा मॅग्नेटचा चेहरा वाकडा घासला गेला असेल.

बाजारातून वेगळा कंट्रोलर बसवला असेल तर त्याच्या चार वायरी साधारणपणे अशा: काळी बॅटरीकडून, पांढरी अर्थिंग, लाल ब्रेकच्या पॅडलकडून, निळी ट्रेलरकडं. दोन ॲक्सलपर्यंत काळ्या वायरीवर २० ॲम्पिअरचा ब्रेकर असतो. तो बॉनेटखाली कुठंतरी सैल लटकत असेल तर त्याचेही नट तपासा.

दुरुस्तीनंतर गेन पुन्हा लावायला विसरू नका. अर्ध्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकसाठी आम्ही गेन वाढवत वाढवत नेला होता. अर्थिंग सुधारल्यावर त्याच आकड्यावर पहिल्याच चाचणीत चाकं जाम होऊन घासली. रिकाम्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी २० ते २५ मैलांनी जात फक्त हाताचा खटका दाबायचा आणि चाकं जाम व्हायच्या जरा आत गेन ठेवायचा. सामान भरल्यावर पुन्हा एकदा.

या मे महिन्यात निघण्याआधी बॉल सोडवून, साखळ्या काढून परत मोजलं. पांढऱ्या वायरीवर ०.१ व्होल्ट, एकूण १३.१ ॲम्पिअर. वही डॅशबोर्डखाली होती, नवऱ्यानं ती अख्ख्या आय-७५वर उघडली नाही. मॅकिनॉ पूल ओलांडून सेंट इग्नेसला थांबलो आणि मी चारही ड्रमवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. सगळे एकमेकांच्या दहा अंशांत होते.